डोक्याचं तेल आणि मामाजींचं टाकं

माझा सासरा गेला तेव्हा मी रडलो नाही.

आज वर्ष झालं. त्या माणसावर माझा अजून राग आहे, आणि आज तो इथं सगळ्यांसमोर काढणार आहे.

तेव्हा खाली आरआयपी आणि हात जोडलेले इमोजी टाकायची घाई करू नका. आधी वाचा.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, पाणीपुरवठ्याच्या नोकरीत होते. आयुष्यभर ब्लिचिंग पावडरच्या गोण्या फोडल्या. रिटायर झाल्यावर अमरावतीबाहेर आपल्या संत्र्याच्या बागेत स्विमिंग पूल बांधला आणि त्यात चिमूटभरही पावडर पडू दिली नाही.

कारण माझी मुलगी. गार्गीला दमा आहे. डॉक्टर म्हणाले पोहू द्या, छाती सुधारेल. पण पूलमध्ये क्लोरीनचा वास आला की पोरीचा खोकला थांबायचा नाही.

मग मामाजींनी नातीसाठी स्वतःच पूल बांधला. पूल कसला, निळ्या फरशीचं मोठं टाकं. घरात सगळे टाकंच म्हणायचे.

आमच्या वऱ्हाडातल्या उन्हात साचलेलं पाणी चार दिवसांत हिरवं होतं. या माणसाचं होत नव्हतं.

वर शेडनेट. सकाळ-संध्याकाळ भिंती ब्रशने घासायच्या. पान पडलं की बुडायच्या आत जाळीनं काढायचं. दिवसभर फिल्टर चालू. थोडं पाणी संत्र्याला सोडायचं आणि ताजं भरायचं. खत टाक्यापासून लांब, कारण खताचं पाणी वाहून आलं की शेवाळाचं फावतं.

"शेवाळाले माराले जाऊ नोका," म्हणायचे. "त्याले खाऊच घालू नोका. उपाशी राह्यलं त येईनच कायले?"

मलाही त्यांनी असंच ठेवलं. लग्नाला बारा वर्षं झाली, कौतुकाचा एक शब्द नाही.

त्यात तो अधिक महिना.

जावयाचा मान म्हणून मला अकोल्याहून बोलावलं. नवे कपडे, पुरणाचे धोंडे, सगळा थाट. उकाडा मरणाचा. मी म्हटलं, जेवणाआधी एक डुबकी मारतो.

पायरीवर पाय ठेवला, आणि मागून आवाज.

"जवाईबापू! आंधी आंग धुवा. डोक्शाचं तेल काढा, मंग उतरा. तुमच्या तेलानं पानी खराब होते."

साळे, साळ्यांच्या बायका, मावश्या, सगळे हसले.

मी तसाच कपडे घालून अकोल्याला निघून आलो. धोंड्यांना हातही लावला नाही. पुढं दोन वर्षं मामाजींशी कामापुरतं बोललो.

आता पुढचं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही तिकडे होतो. मामाजी दर्यापूरला लग्नाला गेले. जाताना मला म्हणाले, "दोन दिवस भिंती तेवढ्या घासजा, बापू. बाकी काईच नोका टाकू."

मी एकदाही घासल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात हिरवा थर दिसला. आता घासत कोण बसणार? आणि म्हाताऱ्याला दाखवूनही द्यायचं होतं की तुमचं हे रोजचं नाटक दोन मिनिटांचं काम आहे.

दुकानातून ब्लिचिंग पावडर आणली. ओतली. पिशवी गोठ्यामागे फेकली.

सकाळी पाणी काचेसारखं. सगळ्यांच्या आधी गार्गीनं उडी मारली.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिचे ओठ काळे पडले होते.

ती वाचली. हे आधीच सांगतो, कारण तेवढंच चांगलं सांगण्यासारखं आहे.

मामाजी दर्यापूरहून थेट दवाखान्यात आले. माझ्या शर्टाला वास येत होता. आयुष्य त्या वासात गेलेलं, त्यांना विचारायची गरजच पडली नाही.

वैशाली, माझी बायको, रडत म्हणाली, "बाबा, पान्यात काय टाकलं?"

"म्याच टाकली पावडर," मामाजी म्हणाले. "लग्नाच्या घाईत. जाता जाता."

मी तिथंच उभा होतो. मूग गिळून.

नंतर व्हरांड्यात ते माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "त्या वक्ती तुमाले चारचौघात बोललो, थे माह्यं चुकलं, जवाईबापू. आता नाई बोलत."

बस. एवढंच.

त्यानंतर वैशाली माहेरी गेली नाही. बापाचे फोन उचलले नाहीत. फॅमिली ग्रुपवर तर तुम्ही सगळ्यांनी लिहिलंच. म्हाताऱ्याची अक्कल गेली. नातीच्या जिवावर उठला. माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत, पण लाजायचं असेल तर पहिला नंबर माझा.

चौथ्या महिन्यात ते गेले. हार्ट अटॅक. लेक शेवटपर्यंत बोलली नव्हती.

मला राग याचाच आहे, मामाजी. माझा मान राखा म्हणून मी सांगितलं होतं? त्या दिवशी चारचौघात माझ्या थोबाडीत मारली असती, तर मी पुन्हा फुगून अकोल्याला निघून आलो असतो. तुमची लेक तुमच्याजवळ राहिली असती.

तुम्ही मान राखला. मी तो घेतला. चार महिने रोज घेतला, आणि तुम्ही गेल्यावर वर्षभरही.

काल वैशालीला खरं सांगितलं.  ती म्हणाली, "मले एकटीले सांगून काय उपयोग? ज्याईनं माह्या बाबाले शिव्या देल्ल्या, त्या सगळ्याईले सांगा."

म्हणून ही पोस्ट. पावडर मी टाकली होती.

आज टाक्यावर आलोय. वर्षभर कुणी हात लावला नाही. पाणी गर्द हिरवं, भिंती बुळबुळीत. सगळं उपसलं. आता ब्रश घेऊन आत उतरतोय. वैशाली बांधावर बसली आहे. माझ्याशी बोलत नाही.

मामाजी, उतरण्याआधी आंघोळ केली. डोक्याचं तेल काढलं.

या आता. माझा शेवटचा नमस्कार घ्या.