इसाजी तळकरानं अडणा काढला

इसाजी तळकरानं आपली एकुलती लेक एस्तेर एझराला दिली, ती मुलगा चांगला म्हणून नव्हे. तो दहावा होता म्हणून.

कारध्यात वैनगंगेच्या काठी त्यांची आठ घरं होती. पुलाच्या कामावर इसाजीचा बाप कोकणातून आला, मागून भाऊबंद आले आणि काम सरल्यावरही इथंच रुजले. धर्मानं यहुदी. शनिवारी कामाला हात लावत नाहीत म्हणून गाव त्यांना शनवारवाले म्हणे. इसाजी रस्त्याच्या कामावर मुकादम होता. शुक्रवारी दिवस कलला की तो सब्बल, कामावरची लोखंडी पहार, धुऊन घराच्या कोपऱ्यात उभी करी, अंघोळ करी आणि प्रार्थनेच्या कौलारू खोलीत दिवा लावी. तिथं सागवानी कपाटात तोरा होती, धर्मग्रंथ लिहिलेली चर्मपत्राची जाड गुंडाळी. ती बाहेर काढायची तर दहा पुरुष हजर हवेत, असा त्यांचा नेम. नऊ असले तर कपाट बंद, आणि मेलेल्यांसाठी म्हणायचा कद्दीशही बंद.

चौऱ्याहत्तर साली त्यांच्यातले दोघं भाऊ बायकापोरांसह इस्राएलला निघून गेले. उरले नऊ. त्याच वर्षी इसाजीची बायको सिझाबाई वारली. तिला माती दिली, पण कद्दीश म्हणता आला नाही. इसाजी नदीवर जाऊन एकटाच पुटपुटे आणि अर्ध्यावर थांबे.

दोन वर्षांनी त्यानं अलिबागेकडून एझरा शोधून आणला. उंचापुरा, हातात बळ, मागं कोणी नाही, घरजावई व्हायला राजी. लाकूड चिरायच्या आरा मशीनवर त्याला काम मिळालं. लग्नानंतरच्या शनिवारी कपाट उघडलं. म्हाताऱ्या बेनजीनं, प्रार्थना चालवणाऱ्या त्यांच्या हजाननं, कापऱ्या आवाजात तोरा वाचली आणि इसाजीनं सिझाबाईसाठी कद्दीश पुरा म्हटला. त्या दिवशी तो घरी येऊन पोटभर रडला आणि पोटभर जेवला.

एस्तेरला पहिला मार बसला तो तिसऱ्या महिन्यात, भात करपला म्हणून. पुढं कारण लागेनासं झालं. एझरानं पट्ट्यानं तिची पाठ सोलली. तापला चिमटा मांडीला लावला. एकदा तिचा हात चौकटीत धरून दार लोटलं, दोन बोटं मोडली. घर एकच, मध्ये नुसता कूड. इसाजीला पट्ट्याचा प्रत्येक फटका मोजता येई.

एकदा तो काठी घेऊन आत गेला. एझरानं काठी हिसकली आणि सासऱ्याला गळा धरून मेढीला दाबलं. "मामा," तो हसत म्हणाला, "मी गेलो तर दहावा कोणाला उभा कराल? आरा मशीनवरच्या बैलाला?"

इसाजी बेनजीकडे गेला. गळ्यावर बोटांचे वळ तसेच होते. बेनजीनं दाढी खाजवली. "जवान आहे, निवेल. आपल्याले दहा पाह्यजेत, इसाजी. आनि आनला कोनं त्याले? तूच ना?"

इसाजी उठून घरी आला. शेजारचा तेजराम मात्र शेताच्या धुऱ्यावर उभा राहून बोललाच, "इसाजीभाऊ, तुमच्या देवाले नऊ जनाचं ऐकू येत नाही का? तुमच्या पोरीचं तं साऱ्या गावाले ऐकू येऊन राह्यलं." इसाजी महिनाभर त्याच्याशी बोलला नाही.

एकोणऐंशी साली दारफाळणीचा सण आला. धान निसवलं होतं. या दिवशी शनवारवाले पांढरे कपडे घालून कडक उपास धरत, प्रार्थनेच्या खोलीच्या दाराला आतून अडणा, आडवा दांडा, घालत, आणि सूर्य बुडेपर्यंत बाहेरच्यासाठी दार उघडत नसत. गावालाही हे ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांच्या दाराशी कोणी जात नसे.

एस्तेरला पाचवा महिना होता. अंगात रक्त नाही म्हणून ती उपास न धरता घरीच होती. दुपार कलल्यावर एझरा उठला, डोकं दुखतं म्हणाला आणि मागच्या दारानं निघून गेला. दुपारची तोरा वाचायची होती. नऊ जण त्याची वाट पाहत बसले.

मग दारावर थापा पडल्या. तेजरामची बायको देवकाबाई बाहेरून ओरडत होती, "इसाजीभाऊ, पोर मरून राह्यली. आमी मघाच ऐकलं, पन तुमचा बंद दाराचा दिवस म्हनून गप राह्यलो. आता तं तिचा आवाजच बंद झाला."

इसाजी दाराशी गेला.

"अडना काढू नको," बेनजी म्हणाला. "सन मोडन."

इसाजीनं अडणा काढला आणि अनवाणी धावला.

घरात एझराच्या हातात मुसळ होतं. तो तालात मारत होता, धान कांडावं तसा. एस्तेर भुईवर वाकडी पडली होती, दोन्ही हात पोटावर. एका डोळ्याच्या जागी नुसती सूज. लुगड्याखालून रक्ताचा ओघळ चुलीपर्यंत गेला होता.

इसाजीनं सब्बल उचलली. पहिल्या घावात एझराचा गुडघा फुटला. तो किंचाळत खाली आला तसा दुसरा घाव कोपरावर बसला आणि हाड कातडीबाहेर आलं. तिसऱ्यासाठी सब्बल डोक्यावर गेली, तेव्हा मागून तेजरामनं मनगट धरलं.

"मरन तो. मंग तुमी जेलात. पोरीपाशी कोन राहीन?"

तोवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाराशी आली होती. बेनजीनं आत पाहिलं, मग आभाळाकडे. "दिवस बुडाले अजून घडीभर आहे. एझराले खाटेवर घालून नेऊ. जिता आहे, मोजता येते."

इसाजी सब्बल आडवी धरून उंबऱ्यात उभा राहिला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर जावयाचं रक्त होतं. "त्याले मोजू नका, मलेही मोजू नका. आठ आहा तुमी. जा."

ते गेले.

तेजरामच्या बैलगाडीतून एस्तेरला दवाखान्यात नेलं. मूल गेलं, ती वाचली. ठाण्यात इसाजीनं काही न लपवता सांगितलं. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. एझरा कुबड्यांवर एकटाच कोकणात परत गेला. कारध्याची तोरा पुन्हा उघडली नाही.

सुटून आल्यावर इसाजी तेजरामच्या अंगणात गेला. एस्तेर आता त्यांच्याकडेच राहत होती. सुपात तांदूळ निवडत होती, मोडल्या बोटांनी.

"घरी चाल, माय," तो म्हणाला.

तिनं वर पाहिलं नाही. "तीन वर्षं कुडाच्या पल्याड होते तुमी, बाबा. तवा काहून नाही म्हनलं, चाल?"

तो उभाच राहिला. देवकाबाईनं पाट मांडला, तरी बसला नाही. म्हणाला, "दहा पाह्यजे होते."

"मंग आता पाह्यजेत का?"

इसाजीनं नाही अशी मान हलवली. एस्तेरनं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला आणि सूप मांडीवरून त्याच्यापुढं सरकवलं. "मले एका डोळ्यानं दिसत नाही नीट," ती म्हणाली. "बसा. पाहा यात खडे आहेत का."