आत्याच्या पुडीचा तो रिपोर्ट माझाच आहे

नलूआत्या माझ्याशी खोटं बोलली, आणि त्या खोट्याखाली माझी सही आहे.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून सगळे तिचे फोटो टाकताय. "शेवटपर्यंत हसतमुख." "काय तेज होतं चेहऱ्यावर!"

ते तेज नव्हतं. ती सूज होती.

आत्या दिंडोरीची. बाबांची धाकटी बहीण, रिटायर्ड शिक्षिका, एकटी राहायची. गुडघ्यांनी तिची स्कूटी सोडवली होती, आणि ते तिला नवरा गेल्यापेक्षा जास्त लागलं. असं तीच म्हणायची, मी नाही.

मग बाजाराच्या दिवशी येणाऱ्या कुणा माणसाकडून तिला एक पूड मिळाली. जडीबुटीची. पाकिटावर नाव नाही, पत्ता नाही.

आठ दिवसांत आत्या स्कूटीवर!

"आत्या, आठ दिवसांत कुठलंच मूळ एवढं काम करत नाही गं."

"तुझी का जळते? एवढा संशय असेल तर टाक तुझ्या मशीनवर."

मी नाशिकला एका लॅबमध्ये आहे. औषधी वनस्पतींचे अर्क, चूर्णं तपासायची, वीस वर्षं हेच काम. सांधेदुखीच्या अशा पुड्यांमध्ये गुपचूप स्टेरॉइड मिसळतात, हे आमच्याकडे काल लागलेल्या मुलीलाही माहीत असतं. दुखणं लगेच थांबतं. चेहरा गोल होतो. लोक म्हणतात, तब्येत सुधारली. आतून मात्र हाडं, साखर, जखम भरायची ताकद, सगळ्याची वाट लागत जाते.

म्हटलं, आण.

चटणीच्या डबीत दोन चमचे पूड घेऊन आली.

एखाद्या कंपनीचा माल असता तर असला नमुना मी हातातही धरला नसता. आपण स्वतः जायचं, भरलेल्या डब्यातून आपल्या हाताने काढायचं, तिथेच सील करायचं. नव्या मुलींना मी हे ओरडून ओरडून शिकवते.

आत्याकडे काय सील मागायचं?

पूड जरा फिकी वाटली होती. विचारलं नाही.

साहेबांना सांगून तपासली. अश्वगंधा निघाली, सुंठ निघाली. ग्राफवर जिथे स्टेरॉइडचा उंचवटा यायला हवा, तिथे सरळ रेघ. मी खुर्चीतच डोळे पुसले. खरंच.

साध्या कागदावर लिहून दिलं. शेवटी आमची नेहमीची ओळ: हा निष्कर्ष फक्त आमच्याकडे आलेल्या नमुन्यापुरता आहे.

ती ओळ कुणी वाचली नाही. मीसुद्धा नाही.

"खाली सही कर," आत्या म्हणाली. "बिनसहीचा कागद मी शाळेतही घेत नसे."

संध्याकाळपर्यंत त्या कागदाचा फोटो तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर. "माझ्या भाचीने लॅबमध्ये तपासलंय. बिनधास्त घ्या."

बायकांनी बिनधास्त घेतली.

काही महिन्यांनी आत्याच्या पायाला चप्पल लागली. एवढीशी जखम. भरेना. मग पिकली, मग विष अंगभर गेलं. हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मॅडमनी तिचा गोल चेहरा बघितला, दंडावरची कागदासारखी कातडी बघितली आणि मला विचारलं, "स्टेरॉइड कधीपासून चालू आहे?"

"शक्यच नाही. पूड मी स्वतः टेस्ट केलीये."

दोन दिवस मी त्या बाईंशी वाद घातला.

तिसऱ्या दिवशी आत्याने माझा हात धरला. "नको भांडू गं तिच्याशी. तुला दिली ती वेगळीच होती. मेडिकलमधून अश्वगंधा आणली, सुंठ मी घातली."

"पण का?"

"तू बंद करायला लावली असती ना. आणि तुझ्याही जिवाला घोर नको. दोघींचं काम झालं."

दोघींचं काम झालं!

आयसीयूत ओरडता येत नाही. नाहीतर मी ओरडले असते. डॉक्टरांनी लगेच औषधं बदलली, पण उशीर झाला होता. चार दिवसांनी ती गेली.

तेराव्यानंतर तिच्या कपाटातला खरा डबा मी माझ्या हाताने सील केला आणि लॅबमध्ये नेला. उंचवटा असा आला की शेजारच्या टेबलावरची मुलगी उठून बघायला आली.

तक्रार दिली. त्या माणसाचं नाव कुणाला माहीत नाही आणि आता तो बाजारातही दिसत नाही.

नवा रिपोर्ट मी त्याच ग्रुपवर टाकला. हात जोडलेले सात इमोजी आले, एक गुलाब. फॉरवर्ड कुणीच केला नाही.

आत्याच्या शेजारीणबाई फोनवर म्हणतात, "पण ताई, पहिल्या कागदावर तर चांगलं लिवलंय ना? मला लय गुण आला. चेहरा बी कसा भरलाय बघा."

बघितला हो. तिसऱ्यांदा जाऊन बघितला. तिसऱ्यांदा समजावलं.

आणि काल नांदगावहून अनोळखी नंबरवरून तोच जुना फोटो मला आला. "मॅडम, रिपोर्ट चांगला आहे. ही पावडर कुठे मिळेल?"

खाली माझी सही. माझ्याच अक्षरात.

म्हणून आज फोटो नाही टाकत, हे लिहिते. तो रिपोर्ट खरा आहे, पण मेडिकलमधल्या अश्वगंधेचा. त्या पुडीचा नाही. ज्यांच्या फोनमध्ये असेल त्यांनी कृपया डिलीट करा, आणि ज्यांना पाठवला त्यांना सांगा.

कुणी अशी पूड घेत असेल तर घाबरून एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

खरी पुडी घेऊन जा!

आत्या, तू असतीस तर ही पोस्ट सगळ्यात आधी तूच फॉरवर्ड केली असतीस. न वाचता.

राग गेलेला नाही. तुझ्यावरचाही नाही आणि माझ्यावरचाही नाही.

तरी पाया पडते.