पालीच्या पडवीत दोन विद्यापीठं

त्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांनी एकाच आठवड्यात मला हो म्हटलं, आणि आमच्या घरातल्या सगळ्यांचंच ताळतंत्र सुटलं. मी परीक्षेआधीच्या सुट्टीत घरी आले होते. फोनवर ते वाचलं आणि चुलीपाशी बसलेल्या आईला उचलून गरगर फिरवलं. तिच्या हातातल्या भाकरीच्या पिठाचे ठसे माझ्या दोन्ही गालांवर उठले. ती ओरडत होती, "अगं सोड, तवा जळतोय!"

आमचं घर पालीत, राजगडाच्या पायथ्याशी. गड उतरून येणाऱ्या ट्रेकर लोकांना आई आणि माझे वडील, आण्णा, जेवू घालतात. पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. मी मार्गासनीच्या शाळेत शिकले, मग पुण्याजवळच्या एका निवासी कॉलेजात शिष्यवृत्तीवर गेले. तिथल्या मॅडमनी मागे लागून माझ्याकडून परदेशातले अर्ज भरून घेतले. मला भूशास्त्र शिकायचं होतं. आण्णांना मी सोप्या शब्दांत सांगितलं, दगड शिकायचेत.

"दगड?" आण्णांनी समोरच्या डोंगराकडे हात केला. "हितं काय दगडांची टंचाई पडलीय व्हय?"

दोन्हीकडे शिष्यवृत्ती होती, त्यामुळे पैशाची चिंता नव्हती. चिंता वेगळीच होती. पहिलं विद्यापीठ कॅथलिक फादर लोकांनी चालवलेलं. अर्ज करणाऱ्यांतल्या मोजक्यांनाच ते घेतात. पदवीच्या शिक्षणात त्याचं मोठं नाव. वर्ग लहान, शिकवणारे स्वतः वर्गात येतात, मुलांना नावानं ओळखतात. पण संशोधनाचा विषय निघाला की लोक नाक मुरडतात. दुसरं विद्यापीठ अवाढव्य. जगभर त्याच्या प्रयोगशाळांचा दबदबा. पदवीच्या मुलांकडे मात्र तिथं फारसं कुणी बघत नाही, असंही ऐकलेलं. एक नाव शिकवण्याचं, एक संशोधनाचं. महिनाअखेरीपर्यंत एकाला हो आणि एकाला नाही कळवायचं होतं.

"फादर म्हंजे बाप ना?" आण्णांनी विचारलं.

"व्हय."

"मग त्यांची पोरं कुटं शिकत्यात?"

"त्यांना पोरं नसतात आण्णा. ते लग्न करत नाहीत."

आण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "मंग त्यांना शिकवाया येळ मिळत असंल." आणि ते फादरांच्या बाजूचे झाले.

आईही त्याच बाजूची होती, पण तिचं कारण असं होतं की मास्तर डोळ्यासमोर असला पाहिजे, नाहीतर मी दिवसभर गप्पा मारीन. विरोधी पक्ष दुसऱ्या दिवशी उत्रोलीहून मोटरसायकलवर आला. तो म्हणजे माझा मामा. मामाची भातशेती आहे, आणि काही वर्षांपूर्वी संशोधन केंद्रातल्या लोकांनी दिलेलं बियाणं त्यानं लावलं तेव्हा शिवारात त्याचंच भात उभं राहिलं, बाकीच्यांचं वाऱ्यानं आडवं झालं. तेव्हापासून 'रिसर्च' हा शब्द तो देवाचं नाव घ्यावं तसा घेतो.

"रिसर्च सोडून शिकवणीला जाती? येडी का काय तू?" गाडीवरून उतरायच्या आतच तो म्हणाला.

"मामा, आधी पाणी तरी प्या."

"पानी ऱ्हाऊ दे. रिसर्च!"

मी हसत होते, पण आतून माझीही गंमतच झाली होती. रात्री ठरवायचं हे, सकाळी ठरवायचं ते. दोन्हीकडे मला घेतात या आनंदानं मी इतकी हलकी झाले होते की विचार करायला बसलं की दोन मिनिटांत नाचावंसं वाटायचं. शेवटी आईनं प्रश्न हातात घेतला. रविवारी गड उतरून जे ट्रेकर आले, त्यांच्यापुढे पहिली भाकरी वाढताना ती प्रत्येकाला विचारू लागली.

"साहेब, तुमी शिकल्यालं दिसताय. शिकवणं चांगलं का संशोधन चांगलं?"

त्या दिवशी पडवीत पुण्याचा एक गट बसला होता. त्यात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या, घामानं निथळलेल्या, पायातले बूट काढून बसलेल्या. आणि एक तरुण होता, परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या विद्यापीठात पीएचडी करणारा, सुट्टीवर आलेला. आईचा प्रश्न ऐकून दोघांनी एकदमच तोंड उघडलं.

"पदवीला कोण शिकवतं तेवढंच बघायचं," बाई म्हणाल्या. "पाया तिथं पडतो. संशोधन पुढं आयुष्यभर आहेच."

"पाया कसला मॅडम? लॅब पाहिजे," तो म्हणाला. "मोठ्या ठिकाणी मशिनं असतात, माणसं असतात. नुसतं छान शिकवून काय होतं? प्रश्न कुठले नवे आहेत ते तिथंच कळतं."

"तुमच्या त्या मोठ्या ठिकाणी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतं कोण?"

त्यानं भाकरी मोडली. "आम्हीच. पीएचडीवाले."

"आणि तुम्हाला शिकवायला आवडतं?"

त्यानं ठेच्याचा मोठा घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ठेच्यामुळे की प्रश्नामुळे हे कळलं नाही, पण अख्खी पडवी हसायला लागली. मामानं मात्र धावत जाऊन त्याला ताक आणून दिलं. आपल्या पक्षाचा एकुलता एक माणूस होता तो.

तरीही तो तरुण माझ्याशी प्रामाणिकपणे बोलला. जाताना म्हणाला, "दोन्ही विद्यापीठांत कुणाशी तरी बोलून बघ. आणि गोड बोलू नकोस. जे टोचतंय ते थेट विचार."

मोठ्या विद्यापीठाशी बोलणं सोमवारी झालं. त्यांच्या कचेरीतली एक मुलगी फार गोड होती. मी विचारलं, पहिल्या वर्षी वर्गात किती मुलं असतात? तिनं सभागृहाचा फोटोच पाठवला. मामा खांद्यावरून बघत होता. उतरत्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा आणि खाली मुंगीएवढा प्राध्यापक.

"ही तर जत्रा हाय," आई म्हणाली.

"जत्रंतच मजा असती," मामा म्हणाला, पण आवाज जरा उतरला होता. प्रयोगशाळेत कधी जाता येईल, या माझ्या प्रश्नाला त्या मुलीनं न फसवता उत्तर दिलं. बहुतेकांना तिसऱ्या वर्षी. लवकर जमलं तर नशीब.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फादरांचा व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ होती. आमच्या घरात रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर नीट मिळते, म्हणून मी तिथं चढून बसले आणि बाकी सगळे खाली गोळा झाले. पडद्यावर एक म्हातारे गृहस्थ आले. गळ्याला पांढरी पट्टी, वर मळका स्वेटर, मागं फळीवर नुसते दगड. ते फादरही होते आणि भूशास्त्राचे प्राध्यापकही.

मी ठरवून ठेवल्याप्रमाणे थेट विचारलं. "तुमचं संशोधन कमी पडतं असं लोक म्हणतात. खरं आहे का?"

मी इंग्रजीत काय विचारलं ते मामाला 'रिसर्च' या एका शब्दावरून कळलं, आणि त्यानं खालून अंगठा वर केला.

फादर जोरात हसले. म्हणाले, खरं आहे. मोठ्या विद्यापीठासारखी यंत्रं आमच्याकडे नाहीत. दगडाचं वय काढायचं तर आम्हाला दुसऱ्यांच्या दारात जावं लागतं. मग म्हणाले, तू राहतेस तिथं दगड कसले आहेत? दाखव बरं.

मी फोन वळवला. सूर्य मावळतीला चालला होता आणि रस्त्यासाठी कापलेली उंच दरड उजेडात न्हाली होती. काळा दगड, मध्ये हातभर जाडीचा लाल पट्टा, वर पुन्हा काळा दगड. लहानपणापासून मी तो पट्टा बघत आले होते, कुणी तिथं गेरू फासलाय इतपतच विचार केलेला.

फादर खुर्चीतून अर्धे उठले. "तो लाल पट्टा! तो तिथं कसा आला असेल? काय वाटतं तुला?"

"मला माहीत नाही."

"माहीत असलेलं नाही विचारत. वाटतं काय?"

मी पुन्हा त्या पट्ट्याकडे बघितलं. खाली आण्णांनी मामाला गप्प केलं. मग मी हळूहळू म्हटलं, काळा दगड म्हणजे लाव्हा. एक लाव्हा आला, थंड झाला. दुसरा लगेच आला नसेल. मध्ये खूप काळ गेला असेल. पाऊस पडला असेल, पहिल्या दगडाची माती झाली असेल. आणि मग दुसरा लाव्हा त्या मातीवरून गेला असेल, म्हणून ती भाजून लाल...

फादरांनी टेबलावर एवढ्या जोरात हात मारला की त्यांची कॉफी सांडली. "बरोब्बर! म्हणजे तो पट्टा ही एक जमीन होती. कधीकाळी तिच्यावर काहीतरी उगवलं असेल!" ते एका हातानं कॉफी पुसत होते आणि दुसऱ्या हातानं मला सांगत होते की तू इकडे आलीस तर पहिल्याच वर्षी असा दगड स्वतः कापशील, कारण आमच्याकडे कापायला दुसरं कुणी नाही. "पण वय काढायला मी तुला मोठ्या लॅबमध्ये नेईन. ते आमच्याकडे होणार नाही. खोटं कशाला सांगू?"

आई खालून ओरडली, "त्यांना इचार, न्याहारी झाली का?"

मी विचारलं. ते म्हणाले, होती ती सांडली.

कॉल संपला आणि मी कठड्यावरून उडी मारली. मामा म्हणाला, "एवढं काय हाय त्या पट्ट्यात? मला दाव." सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही दोघं त्या दरडीकडे गेलो. मामाचं पोट मोठं, चढ घसरडा. पट्ट्याजवळ पोचल्यावर त्यानं हात लावला, वास घेतला, कान लावला.

"ह्यात कुटं रिसर्च दिसत न्हाई," तो म्हणाला, आणि पाय सटकून बसल्या बसल्या थेट रस्त्यापर्यंत खाली गेला. मी आधी घाबरले. मग तो खाली बसून हसायला लागला, तशी मीही हसत सुटले, इतकी की मलाही बसूनच उतरावं लागलं. दोघांच्या मागच्या बाजू लालभडक. मार्गासनीकडून येणाऱ्या एसटीतली माणसं खिडक्यांतून वाकून बघत होती आणि मामा त्यांना हात करत होता.

तिथंच रेंज होती. मी फादरांच्या विद्यापीठाचं पान उघडलं, 'हो'चं बटण शोधलं आणि फोन मामापुढं धरला. "तुम्हीच दाबा."

त्यानं बोट शर्टाला पुसलं. "दाबतो. पण माझं मत रिसर्चलाच हाय, हे ध्यानात ठिव."

"ठेवते."

त्यानं दाबलं, आणि आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून आरोळी ठोकली.

आता मी तिथं दुसऱ्या वर्षाला आहे. शिकवणं म्हणाल तर लोक बोलतात त्याहून चांगलं. ईश्वरशास्त्राचा एक सक्तीचा तास असतो, त्यात मी इतके प्रश्न विचारते की शिकवणाऱ्या सिस्टर मला बघूनच खुर्ची ओढून घेतात. आणि संशोधन कमी पडतं हेही खरंच आहे. हवं ते पुस्तक असतं, हवं ते यंत्र नसतं. कधीकधी दुसऱ्या विद्यापीठातल्या मुलांचे फोटो बघून मी जळते, अगदी खरं सांगायचं तर.

गेल्या महिन्यात, आम्ही कापलेल्या दगडांचं वय काढायला, फादर मला आणि आणखी तिघांना त्या मोठ्या विद्यापीठात घेऊन गेले, मी नाही म्हटलं होतं त्याच. ते स्वतः गाडी चालवत होते, फार वाईट, आणि मोठ्यानं गात. तिथल्या प्रयोगशाळेच्या काचेला मी नाकच लावलं. काचेमागं खोलीभर पसरलेलं यंत्र, आणि ते चालवणाऱ्या एक उंच बाई.

"पीएचडीचं कितवं वर्ष?" त्यांनी मला विचारलं.

"पदवीचं दुसरं," मी म्हटलं.

त्यांनी फादरांकडे पाहिलं. फादरांनी खांदे उडवले. बाईंनी एक पांढरा कोट माझ्या अंगावर फेकला आणि म्हणाल्या, "ये आत. तुझा नमुना यंत्रात तूच ठेव."

कोट गुडघ्यांच्याही खाली गेला. बाह्या दुमडता दुमडता मला एवढं हसू फुटलं की बाईंनाही फुटलं, आणि काचेपलीकडे फादर बाकीच्या तिघांना नाचून दाखवत होते.