झोपलेला पोपट

मंडळी, आधी तुम्हालाच सांगते!

मी अंबरनाथला घरी एकटीच बसून कापडावरची डिझाइन काढते. मागच्या वेळी रांगेतल्या एका पोपटाला डोळाच द्यायला विसरले आणि कापड तसंच छापून बाजारात गेलं. तेव्हापासून पेन्सिल हातात घ्यायचीच धास्ती बसली होती.

आज उल्हासनगरला अस्तर घ्यायला गेले. शेजारी उभ्या काकू दुकानदाराला म्हणाल्या, "भैया, तो झोपलेला पोपट दाखवा ना!"

"काकी, वो तो खतम! सब वोही मांगते हैं."

मी ओरडलेच, "अहो, तो मी काढलाय!"

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग इथे काय करतेस? घरी जा, अजून काढ!"

अस्तर तिथेच राहिलं. आता टेबलावर अकरा पोपट आहेत. सांगा, यातल्या कुणाला झोपवू?