एकच सलाईन

आमची मेडिकल टीम शिरूर कासारच्या पुढच्या माळावर उतरली तेव्हा युद्ध संपून वर्ष होत आलं होतं, आणि दुष्काळ मुक्कामालाच आला होता. मी लेफ्टनंट, नर्सिंग. युद्धात पूर्वेकडच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीचेच पेशंट बघितलेले, म्हणून सिव्हिलच्या मदतीला टीम निघाली तशी माझी ऑर्डर आधी निघाली. त्यात जिल्हा माझाच. माहेर युसूफ वडगावचं.

उपकेंद्र म्हणजे काय, तर एक कुलूप. पटकीची साथ आली तशी नर्सबाई निघून गेलेली, डॉक्टरची जागा रिकामी, टेबलावर उंदरांच्या लेंड्या. आम्ही झाडलं, चुना मारला, सुया उकळल्या, विहिरींत ब्लीचिंग टाकलं. सकाळी सहाला फॉल-इन. सातला तलावाच्या कामावर फेरी, खडी फोडणाऱ्या बायांत कुणी आजारी लपून तर नाही ना, ते बघायला. नाईक बिशन माझा नर्सिंग असिस्टंट. पहाडातला पोरगा, भाकरी त्याला लई आवडायची. मराठी मात्र दोनच गोष्टी यायच्या, "पाणी" आणि "खाली बस".

सलाईन पुरत नव्हती. छावणीत शिकलेलं इथं कामाला आलं: उकळून गार केलेलं पाणी, त्यात साखर-मीठ मोजून. साखर होती सोसायटीच्या गोदामात, कारखान्याची. चेअरमन म्हणाले, "बाई, तहसीलच्या चिठ्ठीबिगर पोतं हलनार न्हाई."

आमच्या टीमचे कॅप्टनसाहेब म्हणाले, "सही मी करतो. कुलूप काढा."

काढलं.

चौथ्या का पाचव्या दिवशी धनगरांच्या वाड्यावरून सांगावा आला. मी आणि बिशन गेलो, वायरलेस सेट पाठीवर घेऊन. तिथून मीच बोलले.

"मेंढवाड्यावर तीन केस. एक बेशुद्ध. ओव्हर."

"सलाईन किती? ओव्हर."

"एक. ओव्हर."

"जीप बीडला गेली आहे. येईपर्यंत सांभाळा. ओव्हर."

बेशुद्ध होती ती गंगू, घरची सून, विशीतली. डोळे खोल गेलेले, मनगटाला नाडी लागेना. सासूनं सकाळपासून तिला थेंबभर पाणी दिलं नव्हतं. आमच्याकडची समजच तशी. जुलाब लागले की पाणी तोडायचं, वरून घातलेलं खालून जातं म्हणून.

"कावून पाणी दिलं न्हाई, मावशी?"

"मारायची हाय का पोरीला? आन् तू कोन्च्या घरची गं?"

"वडगावच्या बौद्धवाड्यातली."

ती मागं सरकली. "सुई टोच. पर तुझ्या हातचं पानी न्हाई चालायचं."

लागलं मला. पण वाद घालायला वेळ कुठला. बिशननं साखरपाण्याचं भांडं उचललं, स्वतः घोट घेतला आणि उरलेल्या दोघी आजारी बायांसमोर धरलं. "पाणी. खाली बस."

त्या आधीच आडव्या पडलेल्या! तशा दुखण्यातही एकीला हसू फुटलं. प्यायल्या दोघी.

"ह्यो कोन जातीचा?" सासूनं विचारलं.

"फौजी," मी म्हटलं.

गंगूला गिळता येत नव्हतं. मी सलाईन काढली, आणि मागं कुणीतरी ओकल्याचा आवाज आला. बिशन होता. पहाटेपासून जुलाब होते त्याला, आणि सांगितलं नव्हतं. सेटवर कळवलं.

"सिस्टर, सलाईन कुणाला? ओव्हर."

मी त्याच्याकडं बघितलं.

"उधर लगाइए, सिस्टर," तो म्हणाला. "मैं तो पी सकता हूँ."

नियमही तोच. ज्याला गिळता येतं त्याला भांडं, येत नाही त्याला सुई. मी गंगूला लावली. बिशन प्यायचा, ओकायचा, पुन्हा प्यायचा. मी दोघांमध्ये फेऱ्या मारत होते. मग सासू उठली. भांडं माझ्या हातातून घेतलं, त्याचं डोकं मांडीवर ठेवलं.

"पी, बाबा. पी रे."

दुपारी गंगूनं डोळे उघडले. बिशनचा आवाज तोवर बसला होता. पोटात काही ठरेना. जीप दिवस कलल्यावर आली, सलाईन भरपूर घेऊन. मला त्याची शीर सापडली नाही. दोन्ही हात बघितले, पाय बघितले. तो गेला.

उपकेंद्र पुढं चालू राहिलं. गावातल्या बायाच साखरपाणी करायला लागल्या, अन् पाजायलाही.

आमच्या युनिटमध्ये एक दगड आहे, युद्धात पडलेल्यांच्या नावांचा. बिशनचं नाव त्यावर नाही. कागदावर तो आजारानं गेला. मी म्हणते, तो पोस्टवर पडला. त्या दिवशी पहाडातून त्याच्या घरचं कुणी वेळेत पोचणार नव्हतं. अग्नी गंगूच्या नवऱ्यानं दिला, आणि सख्खा भाऊ गेल्यासारखं डोकं भादरून घेतलं.