एझराचे पाय आणि आजीच्या पोलक्याचा हूक

२००७ सालची गोष्ट. इस्रायलमध्ये डिमोना गावी आईकडे, शनिवारी संध्याकाळी शब्बाथ सुटल्यावरचा चहा चालू होता आणि आई सगळ्यांवर चिडली होती. कारण काय, तर रक्त द्यायचं नाही म्हणजे नाही...

एझरा माझा धाकटा भाऊ. चाळिशीतच त्याला जिने चढवेनात. डॉक्टरांना त्याच्या जीन्समध्ये एक बदल सापडला होता, पण आजाराचं मूळ तेच का, हे ठरवायला आईचंही रक्त हवं होतं. एझराच्या दोन मुली लग्नाच्या वयाच्या, त्यांचीही धास्ती होतीच.

आईच्या मनात मात्र भलतंच. ठाण्याहून इथे आल्यावर, माझ्या लग्नाच्या वेळी, तुम्ही खऱ्या यहुदी कशावरून म्हणून इथल्या धर्मगुरूंनी तिला आजी-पणजीपर्यंत खोदून विचारलं होतं. आता रक्तातून पुन्हा तेच बघणार, असं तिनं धरून ठेवलं. एझरानं विनवलं, मी आवाज चढवला... ढिम्म.

माझी लेक नोआ तेव्हा बेरशेबाला लॅबमध्ये शिकत होती. जन्म इथला, मराठीत विचारलं की उत्तर हिब्रूत! ती उठली, आजीच्या पायाशी बसली आणि चक्क मराठीत बोलायला लागली. मोडकंतोडकं... पण मराठी.

"आजी, अंगात प्रोटीन असतात. एक दुसऱ्याला धरतं, तुझ्या पोलक्याचा हूक फाशात बसतो तसं. मामाचा हूक वाकडा झाला, म्हणून धरत नाही, म्हणून पाय थकतात. आम्ही तो हूक बघणार. तू यहुदी आहेस का, ते नाही बघणार."

आईनं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "असं नीट कुणी सांगितलंच नाय मला." खरंच होतं, आम्ही नुसतं टेस्ट टेस्ट करत बसलो होतो.

सकाळी दवाखान्यात तिनं आपणहून बाही वर केली आणि नर्सला हिब्रूत सुनावलं, "मी कोण ते मला ठाऊक आहे. तू माझ्या लेकाचं बघ."

मूळ तेच निघालं. औषध नव्हतं... पण आपल्याला काय झालंय ते एझराला कळलं, आणि पुढच्या तपासण्यांनंतर मुलींना धोका नाही हेही.

नोआनं पुढे शास्त्रज्ञांच्या मोठमोठ्या सभांमधून भाषणं दिली. पण मला आठवते ती सकाळ. खुर्चीत आई, तिचा दुसरा हात धरून माझी लेक... त्या दोघींच्या मधली मी आहे, याचा फार अभिमान वाटतो.