भिंतभर समुद्र

आमची युडिक, म्हणजे माझी भावजय, लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिने बैठकीच्या खोलीची एक अख्खी भिंत मोकळी ठेवली. ॲमस्टरडॅममधलं ते घर काडेपेटीएवढं. कपाट बोळात गेलं, आणि येता-जाता आमची सगळ्यांची कोपरं फुटली. माझा भाऊ जन्मभर कुरकुरला बिचारा, पण ही हट्टी ती हट्टीच. म्हणायची, तिथे बाबांचं चित्र लागणार. भिंतभर समुद्र, आणि होडी ओढणारा पांढरा घोडा.

ते चित्र जर्मनांनी लुटलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. मग बाबांनाही नेलं. ती एका शेतकऱ्याच्या माळ्यावर लपून वाचली. बाबांची ना तारीख कळली, ना कबर. आम्हा ज्यू लोकांत माणूस गेलं की घरचे सात दिवस बूट काढून बुटक्या स्टुलावर बसतात, शेजारी उकडलेली अंडी आणून भरवतात. युडिक कधीच बसली नाही. विषय काढला की माझ्यावरच डाफरायची, "तुला कुणी सांगितलं ते गेले म्हणून?"

चित्र सापडलं एका लहानशा गावच्या संग्रहालयात. वकील, हेलपाटे, जीव नुसता मेटाकुटीला आला. शेवटी एका गुरुवारी दोन माणसं पेटी घेऊन आली. मी मुद्दाम लोण्याचा केक केला होता.

त्यांनी चित्र टांगलं. अगं बाई, एवढंसं! चहाच्या ट्रेएवढं. युडिकचा चेहरा खर्रकन उतरला.

"हे आमचं नाही. घेऊन जा."

त्यांनी मागे लिहिलेलं बाबांचं नाव दाखवलं, तरी ती बघेना. आमचा समुद्र मोठा होता, एवढंच म्हणत राहिली. मला रडू आलं आणि रागही आला. एवढी वर्षं कोपरं फोडून घेतली ती ह्यासाठी?

माणसं चित्र उतरवायला लागली. युडिक मटकन जवळच्या बुटक्या स्टुलावर बसली. तिथून तिने वर पाहिलं.

"थांबा," ती म्हणाली. "बाबा खुर्चीत बसायचे. मी त्यांच्या पायाशी. इथूनच बघायचे मी."

ती माणसं गेली. केक तसाच राहिला. अंधारून आलं तरी ती हलेना. मी म्हटलं, ऊठ आता, गुडघे धरतील. तिने पायांतले बूट काढून बाजूला सारले.

"नाही गं. आता बसू दे मला, बाबांसाठी."

मी स्वयंपाकघरात गेले आणि अंडी उकडायला ठेवली.